कालवाचे रक्त : डहाणूच्या ओहोटीपट्ट्याचा इतिहास

डहाणू तालुक्यातले चिखले हे किनाऱ्यावरचे गाव नरपड आणि घोलवड यांच्यामध्ये येते. इथला समुद्र उथळ, किनारा जवळजवळ सपाट, आणि खंबायतचे आखात जवळ असल्याने भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा मोठा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी ओसरले की सुरूच्या बनापासून लाटेपर्यंत ओल्या रेतीचा आणि चिखलाचा लांब पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तोच पट्टा आखूड होतो. गावाच्या नावातही चिखलच ऐकू येतो. या पट्ट्यावर दोन-तीन तास जे काम चालते त्याला होडी लागत नाही, जाळे लागत नाही आणि भांडवल तर नाहीच. एक टोपली, एखादे टोकदार लोखंडी हत्यार आणि पाण्याच्या वेळेची जाण एवढ्यावर कालवे फोडण्याचा आणि शिंपल्या वेचण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो मुख्यतः बायकांचा.

या किनाऱ्यावर शिंपल्यांचे तीन मुक्काम दिसतात. खडकांना घट्ट चिकटलेली असतात ती छोटी, खडबडीत, दातेरी काठाची कालवे. खाडीच्या तोंडाशी, निमखाऱ्या पाण्यात, त्यांची मोठी भावंडे वाढतात. रेतीमिश्रित चिखलात बोटभर खोल तिसऱ्या आणि खुबे असतात. खडकावरचे कालव आयुष्यात एकदाच जागा निवडते. अंड्यातून निघालेले पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्याबरोबर वाहते, मग टणक पृष्ठभाग सापडला की तिथे डाव्या शिंपेने चिकटते ते कायमचे. ऊन, पाऊस, गोडे पाणी, गाळ, जे काही येईल ते त्याच जागी सोसायचे. शत्रू आला तर पळून जाण्याची सोय नाही. कालवाच्या प्रतिकारशक्तीचा विचार करताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

या धंद्याचा लिखित इतिहास तुटपुंजा आहे, आणि त्याचे कारण सोपे आहे. मासेमारीची मोजदाद होड्यांवरून, जाळ्यांवरून आणि बंदरात उतरलेल्या मालावरून होते. हाताने वेचून थेट चुलीवर गेलेली किंवा दारोदार विकली गेलेली शिंपली त्या हिशेबात सहसा येत नाही. दप्तरांना तिची आठवण झाली ती बहुधा चुन्यासाठी. शिंपले भाजून केलेला चुना हा दगडी चुना दूर असलेल्या किनाऱ्यावर बांधकामाचा आधार होता, आणि विड्याच्या पानालाही तोच लागे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत उत्तर कोकणातली ठाणी मराठ्यांकडे येईपर्यंत डहाणूपासून वसईपर्यंतचा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्या काळात किल्ले, चर्च, वाडे यांची बांधकामे या पट्ट्यात सतत चालू होती. कालवाचे मांस काढून घेतल्यावर उरणारा शिंपल्यांचा ढीग अशा मुलुखात कचरा ठरत नाही.

१८६४ च्या नोव्हेंबरमध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पूर्ण झाला आणि हा किनारा मुंबईच्या बाजारापासून काही तासांवर आला. कालव हा नाशवंत माल असला तरी मासळीपेक्षा जास्त टिकतो. शिंपा मिटून तो स्वतःचे खारे पाणी आत धरून ठेवतो आणि ओल्या गोणपाटात बराच काळ जिवंत राहतो. मुंबईतल्या युरोपियन वस्तीला कालवे हवी होती, तीही कच्ची, लिंबू पिळून. कोकणातल्या घरांत ती कायम शिजवून खाल्ली गेली. हा फरक चवीचा वाटतो, पण पुढे जिवाणूंच्या हिशेबात तो फार मोठा ठरतो.

शास्त्रज्ञांचे लक्ष कालवाकडे वळले ते विसाव्या शतकात. १९३१ मध्ये पी. आर. आवटी आणि एच. एस. राय यांनी 'इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स' या मालेत मुंबईच्या कालवावर एक संपूर्ण पुस्तिका प्रसिद्ध केली. तेव्हा त्याचे शास्त्रीय नाव ऑस्ट्रिया कुकुलाटा होते. पुढे ते क्रॅसॉस्ट्रिया झाले आणि आता सॅकॉस्ट्रिया आहे. खडकावरून न हललेल्या या प्राण्याने कागदावर मात्र बरीच घरे बदलली. पुस्तिकेत शिंपा, कल्ले, पचनसंस्था, हृदय, मज्जातंतू यांची तपशीलवार चिरफाड आहे आणि कित्येक पिढ्यांचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी तिच्यावरून शिकले. पाठोपाठ १९३२ मध्ये राय यांनी मुंबई इलाख्यातल्या शिंपल्यांच्या धंद्याचा आढावा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. १९६० च्या आसपास व्ही. एस. दुर्वे यांनी डहाणूच्या दक्षिणेला, आजच्या पालघर तालुक्यातल्या केळवे खाडीत, मोठ्या खाडीकालवाचा अभ्यास सुरू केला. त्याची वाढ, शरीरातल्या घटकांचे ऋतुमानाप्रमाणे बदलणारे प्रमाण, प्रजननाचे चक्र असे ते विषय होते. या किनाऱ्यावरच्या कालवाविषयी जे पक्के माहीत आहे त्याचा पाया या तीन-चार लेखनांत आहे.

या कामांचा रोख शरीररचना, वाढ आणि धंदा यांवर होता. कालवाच्या हृदयातून जे वाहते त्याकडे विज्ञान वेगळ्याच वाटेने आले, आणि त्या वाटेवर मुंबई लागते.

१८८२ च्या डिसेंबरात इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना इथे समुद्रकाठच्या घरात तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. त्याने त्यांच्या अंगात गुलाबाचे बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला दिसला. परक्या वस्तूला घेरून गिळू पाहणाऱ्या या पेशींना त्याने भक्षकपेशी ठरवले आणि प्रतिकारशक्तीचा एक पायाच घातला. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले. माणसाच्या प्रतिकारशक्तीचे हे सूत्र हाती आले ते ना मणका ना तांबडे रक्त अशा समुद्री जिवाकडून, हे विसरले जाते. ओडेसात मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तिथे कॉलऱ्याची लस तयार करून १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला, आणि प्लेग पसरल्यावर १८९६ मध्ये मुंबईत पोहोचला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला गेलेल्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले. कॉलऱ्याचा जंतू व्हिब्रिओ कुळातला, आणि कालवांना छळणारे बहुतेक जिवाणूही त्याच कुळातले. मात्र परळ ते केळवे हे अंतर गाडीने काही तासांचे असले तरी त्या काळी एका विद्याशाखेतून दुसरीत जायला तेवढा वेळ पुरत नसे.

कालवाच्या रक्ताचा नेमका प्रयोग झाला तो अमेरिकेत. १९५० मध्ये लेस्ली स्टॉबर याने कालवाच्या हृदयात काळी शाई टोचली आणि तिचे कण कुठे जातात ते पाहिले. रक्तपेशींनी ते गिळले, शरीरभर वाहून नेले आणि शेवटी कल्ले, आतडे अशा भिंतींतून पार होऊन बाहेर टाकले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी शाईच्या जागी परक्या प्राण्यांच्या रक्तपेशी आणि जिवाणू टोचून पाहिले. जिवाणूंपैकी बरेचसे याच रीतीने नाहीसे झाले.

या प्रयोगांतून आणि नंतरच्या कामांतून जे चित्र तयार झाले ते असे. कालवाचे रक्त फिकट, जवळजवळ बिनरंगी असते आणि बंद नळ्यांतच फिरत नाही. ते अवयवांमधल्या पोकळ्यांत मोकळे पसरते. माणसाकडे असतात तशी नेमून तयार केलेली प्रतिपिंडे त्याच्याकडे नाहीत, म्हणून आपल्या अर्थाने लस त्याला लागू होत नाही. त्याचा भरवसा रक्तपेशींवर. या पेशी हातपाय पसरावेत तशा आपल्या कडा पसरून जिवाणूला कवेत घेतात, पोटात ओढतात आणि तिथे त्याच्यावर प्राणवायूपासून बनलेली जळजळीत रसायने, पाचक विकरे आणि तांबे-जस्त यांसारखे धातू सोडतात. कालवाच्या रक्तपेशींत तांबे आणि जस्त भरपूर साठते आणि जिवाणूंसाठी ते विषच असते. रक्तरसात आणखी सामग्री असते. जिवाणूची भिंत फोडणारे लायसोझाइम, तिला छिद्रे पाडणारी डिफेन्सिनसारखी छोटी प्रथिने, आणि जिवाणूच्या अंगावरची साखर ओळखून त्याला चिकटणारी लेक्टिने. लेक्टिन चिकटले की तो जिवाणू रक्तपेशीला ओळखू येतो. गरज पडली तर पेशी स्वतःचे डीएनए जाळ्यासारखे बाहेर फेकून जिवाणूंना त्यात अडकवते. २०१२ मध्ये पॅसिफिक कालवाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा ताण सोसण्याच्या जनुकांची त्यातली गर्दी ठळकपणे दिसली. ओहोटीच्या उन्हात तापणाऱ्या आणि भरतीत बुडणाऱ्या प्राण्याला ती लागणारच.

एवढी तयारी असूनही जिवाणू आत असतातच. जिवंत, निरोगी कालवाच्या रक्तातही ते सापडतात. कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळून अन्न मिळवते आणि त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगावरून जाते. समुद्राच्या प्रत्येक थेंबात जिवाणू असतात, तेव्हा निर्जंतुक कालव हा प्रकार निसर्गात संभवत नाही. कुठल्या जिवाणूला रक्तपेशी संपवतात आणि कोण त्यांच्या तावडीतून सुटतो, एवढाच फरक उरतो.

पहिला फरक पाहुण्यांत आणि रहिवाशांत पडतो. नाल्यातून, मैल्यातून आलेला ई. कोलाय हा कालवाच्या दृष्टीने परका. रक्तपेशी त्याला पटकन ओळखतात, गिळतात आणि मारतात. म्हणूनच युरोपात विक्रीपूर्वी कालवे स्वच्छ वाहत्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत ठेवण्याची पद्धत चालते. त्या काळात ई. कोलायची संख्या झपाट्याने घसरते. व्हिब्रिओ मात्र त्याच टाकीत तितके हलत नाहीत, कारण ते समुद्राचेच रहिवासी आहेत आणि शिंपल्यांच्या सहवासात त्यांना फार मोठा काळ मिळाला आहे. त्यांच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. हे तंतू कशाला चिकटतात, आणि रक्तरसातले प्रथिन त्यांच्यावर बसून त्यांना ओळखीचे बनवते की नाही, यावरून गिळल्यावर कोण मरेल आणि कोण तगेल हे बरेचसे ठरते. एकाच जातीच्या दोन व्हिब्रिओंत अशा एखाद्या तंतूचा फरक असला तरी निकाल उलटा लागू शकतो.

दुसरी युक्ती पांघरुणाची. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा माणसालाही जिवावर बेतणारा आजार देतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत कच्ची कालवे खाल्लेल्या रुग्णांमुळे तो वेगळा ओळखला गेला. त्याच्या काही पेशींभोवती साखरेचे जाड आवरण असते आणि प्रयोगशाळेतल्या बशीवर त्यांच्या वसाहती अपारदर्शक दिसतात. आवरण नसलेल्या पेशींच्या वसाहती पारदर्शक दिसतात. कालवाच्या रक्तपेशींनी पारदर्शक वाण जास्त गिळला आणि पांघरूण घेतलेला कमी, असे प्रयोगांत आढळले. आवरणामुळे पेशीला धरायला कंगोराच सापडत नाही.

तिसरी युक्ती पेशीला निकामी करण्याची. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, लांदेदा इथे, वाढवलेल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या मोठ्या संख्येने मेल्या. त्यांच्या शिंपेच्या आतल्या कडेला तपकिरी कडे दिसत होते. ते घडवणारा जिवाणू १९९६ मध्ये व्हिब्रिओ टॅपेटिस या नावाने नोंदला गेला. त्याच्या संगतीत शिंपलीची रक्तपेशी आपले पसरलेले हातपाय आखडून गोल होते, चिकटण्याची ताकद गमावते आणि मग गिळूच शकत नाही. शिंपली जिवाणूवर नवा शिंपेचा थर चढवून त्याला भिंतीत चिणू पाहते. तपकिरी कडे म्हणजे त्या धडपडीचीच खूण, आणि काही शिंपल्या खरोखर त्यातून वाचतात. व्हिब्रिओ एस्टुएरिअॅनस हा दुसरा जिवाणू याच कामासाठी बाहेर एक प्रथिनभक्षक विकर सोडतो. त्याच्या सान्निध्यात कालवाच्या रक्तपेशींचे चिकटणे आणि गिळणे दोन्ही मंदावते.

चौथी युक्ती सर्वांत धीट आहे. फ्रान्समध्ये आजारी कालवांतून मिळालेला एक व्हिब्रिओ, एलजीपी ३२ या नावाने ओळखला जाणारा, गिळला जाण्यापासून पळत नाही. तो स्वतःला गिळवून घेतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की त्याच्या बाह्य आवरणातले ओएमपीयू हे प्रथिन कालवाच्या रक्तरसातल्या एका नेहमीच्या प्रथिनाला पकडते. ज्या प्रथिनाने जिवाणू ओळखायचा तेच प्रथिन अंगावर घेऊन तो पेशीच्या दारातून आत जातो. आत गेल्यावर जळजळीत रसायने निष्प्रभ करणारे विकर आणि तांबे बाहेर फेकणारा पंप यांच्या जोरावर तो तग धरतो, आणि शेवटी पेशीच मरते. कालवाचे दोन मोठे बचाव, प्राणवायूचा भडका आणि तांब्याचे विष, दोन्हींना त्याच्याकडे वेगवेगळे उत्तर आहे. व्हिब्रिओ क्रॅसॉस्ट्रिए हा त्याचा नातलग याच्या उलट वागतो. तो पेशीच्या आत शिरतच नाही. नुसत्या स्पर्शाने तो तिला बाहेरूनच मारतो, आणि त्यासाठी त्याला आर ५.७ हे एक खास प्रथिन लागते. २०१९ मध्ये या दोघांची शेजारी शेजारी तुलना झाली तेव्हा वाटा भिन्न असल्या तरी परिणाम एक निघाला : रक्तपेशी संपतात, प्रतिजैविक प्रथिनांचे उत्पादन दबते, आणि मग रक्तात आधीपासून असलेले सामान्य जिवाणूही मोकाट वाढतात.

कधी दार दुसराच उघडून देतो. २००८ पासून फ्रान्समध्ये पॅसिफिक कालवांची पिल्ले दर उन्हाळ्यात प्रचंड संख्येने मरू लागली. बराच काळ विषाणू जबाबदार की व्हिब्रिओ हा वाद चालला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने दोन्ही बाजूंना आपापला वाटा दिला. नागिणीच्या विषाणूंच्या वर्गातला एक विषाणू आधी रक्तपेशींत शिरून त्यांची प्रतिजैविक प्रथिने बनवण्याची ताकद खच्ची करतो, आणि जीव जातो तो त्यानंतर घुसलेल्या जिवाणूंमुळे.

ही साथ फ्रान्समध्ये पाणी साधारण १६ अंश सेल्सिअसच्या वर गेले की सुरू होते. तिथल्या व्हिब्रिओंना थंडीचे काही महिने गाळात गप्प बसावे लागते. डहाणूच्या समुद्रात पौषातही पाणी तेवढे थंड होत नाही, म्हणजे इथे जिवाणूंना हिवाळ्याची विश्रांती नाही. इथला मोठा ऋतुबदल तापमानाचा नसून क्षाराचा आहे. आषाढात नद्या-ओढ्यांचे पाणी खाडीत उतरले की काही आठवड्यांत खारे पाणी गोडसर होते. कालव अशा वेळी शिंपा मिटून बसते, खात नाही, आणि क्षार एकदम घटल्याचा ताण त्याच्या रक्तपेशींनाही बसतो. शिवाय पावसाळा हाच केळवे खाडीतल्या मोठ्या कालवाच्या प्रजननाचा काळ. अंडी-शुक्रजंतू सोडून झाल्यावर प्राणी पातळ, पाणचट होतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकसला मात्र असेच कोमट आणि मध्यम खारे पाणी मानवते.

इथे जुन्या चालीरीतींकडे परत यावे लागते. पावसाळ्यात ओहोटीवर जाणे थांबते आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्राशी व्यवहार पुन्हा सुरू होतो, हा किनाऱ्याचा जुना क्रम आहे. युरोपातही इंग्रजी नावात 'र' नसलेल्या महिन्यांत, मे ते ऑगस्ट, कालवे खाऊ नयेत अशी जुनी समजूत आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही पंचांगे जवळपास त्याच महिन्यांवर बोट ठेवतात. चिखले-घोलवडच्या बायकांनी हा खंड जिवाणूंना भिऊन पाळला असे म्हणणे ओढूनताणून होईल. खवळलेला समुद्र, निसरडा खडक आणि बेचव कालव ही कारणे पुरेशी होती. पण परिणाम असा झाला की प्राणी सर्वांत दुबळा असतो ते आठवडे टोपलीबाहेर राहिले.

दुसरी चाल वेचून आणलेल्या शिंपल्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवण्याची, म्हणजे त्या रेती सोडतात. रेती खरेच सुटते. नाल्याकडून आलेले काही पाहुणे जिवाणूही शिंपली स्वतःच कमी करते. व्हिब्रिओ मात्र या न्हाणीला दाद देत नाहीत, हे वर आलेच. भांड्यात साठलेले पाणी वाहत्या स्वच्छ पाण्याची जागाही घेऊ शकत नाही. म्हणून या चालीवर फार भरवसा टाकण्यात अर्थ नाही.

तिसरी चाल मात्र शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. तोंड उघडे पडलेली आणि बोटाने टोचले तरी न मिटणारी शिंपली फेकून द्यायची. मेलेल्या शिंपलीत रक्तपेशींचे काम थांबलेले असते, आणि आतापर्यंत काबूत असलेले जिवाणू कोकणच्या उकाड्यात काही तासांत अनेक पटींनी वाढतात. शिंपा मिटणे म्हणजे स्नायू जिवंत असणे, आणि ज्याचा स्नायू जिवंत त्याचे रक्तही कामावर. न मिटणारी शिंपली फेकणाऱ्या बाईने सूक्ष्मदर्शक पाहिलेला नसतो, तरी तिची परीक्षा नेमकी आहे. शेवटी शिजवणे. व्हिब्रिओ सगळ्या युक्त्यांनी रक्तपेशींना चकवतात, पण चांगल्या उकळीपुढे टिकत नाहीत. अमेरिकेतल्या आखाती किनाऱ्यावर व्हल्निफिकसची जी दहशत बसली ती चुलीवरून उतरलेल्या कालवणाला लागू होत नाही, याचे श्रेय प्रामुख्याने चुलीला आहे.

कोळंबीची गोष्ट थोडी निराळी, पण ती याच खाड्यांच्या काठची. १९९० च्या दशकात खाडीकाठी कोळंबीचे तलाव वाढले आणि १९९४ पासून पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने देशभरातले तलाव झोडपले. त्याच वर्षी मंगळूरच्या संशोधकांनी प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या व्हिब्रिओ हार्वेईमुळे कोळंबीच्या पिल्लांचा सामूहिक मृत्यू नोंदवला. हा जिवाणू अंधारात चमकतो, आणि बाधित टाकीतली पिल्लेही चमकताना दिसतात. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टी नियमनाच्या क्षेत्रातल्या पारंपरिक नसलेल्या कोळंबी तलावांवर बंदी घातली. २००९ च्या सुमारास चीनमध्ये दिसलेल्या आणि आशियात पसरलेल्या 'लवकर मृत्यू'च्या आजाराचा कर्ता २०१३ मध्ये सापडला. तोही व्हिब्रिओच, पॅराहीमोलिटिकस. त्याच्या काही वाणांत सुमारे ७० हजार अक्षरांचा एक फिरता जनुकखंड असतो आणि त्यातून दोन भागांचे विष तयार होते. हा जिवाणू कोळंबीच्या जठरात बसतो आणि विष पाचकग्रंथीकडे पाठवतो. रक्ताच्या वाटेला तो सुरुवातीला जातच नाही. प्रतिकारशक्तीला चुकवण्याचा हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग आहे.

डहाणूचा किनारा या काळात कायद्याच्या नकाशावर वेगळा पडला. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झाला. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच वर्षी डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. तोपर्यंत डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तालुक्याच्या दक्षिण भागातल्या वाढवण इथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि सुमारे १० किलोमीटरचा लाटारोधक बांध घालायचा आहे. वाढवणचा खडकाळ ओहोटीपट्टा हे कालवांचे जुने घर.

मोठ्या बंदराबरोबर दूरच्या समुद्रांतले पाणीही येते. मालाशिवाय निघालेले जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरते आणि पुढच्या बंदरात ते सोडते. या पाण्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याने ठरवलेल्या मर्यादेनुसार सोडायच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलायच्या २५० पेक्षा कमी वसाहती, आतड्यातल्या एन्टरोकॉकसच्या १०० पेक्षा कमी आणि विषारी व्हिब्रिओ कॉलरीची १ पेक्षा कमी असावी लागते. या तिन्ही अटी माणसाच्या आरोग्याच्या आहेत. टॅपेटिस, एस्टुएरिअॅनस आणि क्रॅसॉस्ट्रिए यांची मोजणी त्या यादीत नाही.